विळा परका कसा ठरला?

मागील सुटीत आमच्या एका विद्यार्थ्याने एक जाड इंग्रजी पुस्तक आमच्यापुढे ठेविले व विचारले, "गुरुजी, विळा चालवावयास खास शिक्षण लागते काय?" पुस्तक 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या अमेरिकन खेळाच्या नियमांचे होते. प्रश्न पोरकट वाटला. उत्तर शोधू लागलो तेव्हा तो तसा नसल्याचे ध्यानी आले.

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेला हा खेळ घरात बसून खेळावयाचा असतो. एक जण कथा सांगतो, इतर जण तिच्यातील योद्धा, जादूगार, चोर अशी पात्रे होतात, आणि वार लागला की हुकला हे वीस बाजूंच्या फाशाने ठरते. सन २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत शस्त्रांचे तीन वर्ग केले होते: साधी, लढाऊ व 'एक्झॉटिक'. तिसऱ्या वर्गातील शस्त्रासाठी पात्रास निराळे कौशल्य संपादावे लागे. ते नसता शस्त्र उचलिले तर दानातून चार वजा! म्हणजे ज्यास अकरा किंवा अधिक पडले तरी पुरे होते, त्यास आता पंधरा हवेत. विसांपैकी दहा अनुकूल बाजूंच्या सहाच उरल्या. पालकांनी हे गणित मुलांकडून अवश्य करवून घ्यावे.

त्या यादीत विळा साध्या वर्गात होता, आणि ते योग्यच. परंतु 'कामा' नावाचे शस्त्र एक्झॉटिक वर्गात होते. जपानी भाषेत कामा म्हणजे विळाच! लाकडी दांड्यास आडवे बसविलेले आखूड पाते, गवत व पीक कापावयाचे. दोन्ही हातांत असा एकेक घेऊन लढण्याची विद्या ओकिनावा बेटात आजही शिकवितात. दोहोंच्या घावाची इजा मोजावयास सहा बाजूंचा एकच फासा. मग एक साधा व दुसरा असाधारण कशाने? 'एक्झॉटिक' या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थच 'बाहेरचा' असा आहे. यादी करणाऱ्यांचे शेत कोणत्या देशी होते, ते त्यावरून उमगते. नेपाळी खुकरीही प्रथम याच वर्गात होती. २००३ च्या सुधारलेल्या आवृत्तीत तिला लढाऊ शस्त्रांत जागा मिळाली.

तथापि यादीकारांवर अन्याय नको. युरोपातील दीडहाती तलवार एका हाताने चालविणे त्यांनी एक्झॉटिकच मानिले होते. तेथे कसोटी परकेपणाची नव्हे, कठीणपणाची होती, आणि ती कसोटी खरी आहे. आमचा दांडपट्टाच पाहा. कोपरापर्यंत हात लोखंडी हस्तत्राणात शिरतो, आतील आडवी मूठ पकडावयाची, पुढे लांब लवचीक पाते. मनगट वळतच नाही. म्हणून वार खांद्यातून, कमरेतून, पावलांतून काढावा लागतो. कोल्हापूरकडे मर्दानी खेळात पट्टा फिरविणारा ज्याने पाहिला आहे, त्यास नवशिक्याने तो हाती घेतल्यास प्रथम कोण जखमी होईल हे सांगावयास नको. महाराष्ट्रात पट्टा परका मुळीच नाही. पण सोपाही नाही. विळ्याचे तसे नव्हे. त्या नियमाने या दोन निराळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या, एवढीच आमची तक्रार.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत एक्झॉटिक हा वर्गच नाही. भिक्षूच्या हातातील कामा म्हणजे किंचित आखूड व सरळ पात्याचा विळा, असे तेथे सरळ सांगून विळ्याचेच आकडे त्यास लाविले आहेत. ते पान आम्ही विद्यार्थ्यास दाखविले. त्याचे समाधान झाले, पण लगेच दुसरा प्रश्न आला, "मग पट्ट्याचे आकडे कोणते?" त्या मूळ यादीत पट्टा नाही. ते आकडे त्यानेच कारणांसह मांडून आणावेत, असे आम्ही त्यास सांगितले आहे.