सोनपरी फ्रुटीच्या आईला परत का आणत नाही?

रविवारची दुपार. बोरिवली किंवा मुलुंडच्या एखाद्या घरात जेवणे उरकली आहेत. तिशी-पस्तिशीतली आई पाच वर्षांच्या मुलीला शेजारी घेऊन बसली आहे आणि समोर 'सोनपरी' सुरू आहे. आई शाळेत होती तेव्हा ही मालिका लागली की बिल्डिंगमधला खेळ थांबायचा. आपल्या लहानपणीचा तो आनंद लेकीलाही मिळावा, एवढाच तिचा हेतू. मुलगी दहा मिनिटे गप्प राहून पाहते आणि मग विचारते, "फ्रुटीची आई कुठे आहे?"

"ती देवाघरी गेली."

"मग सोनपरी तिला परत का नाही आणत? तिला तर जादू येते!"

"अगं, गोष्ट आहे ती. पुढे बघ," असे म्हणून आई वेळ मारून नेते. पण प्रश्न बिनचूक आहे. बालमानसशास्त्राच्या दृष्टीने तो या मालिकेतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

'सोनपरी' २००० साली 'स्टार प्लस'वर सुरू झाली आणि २००४ पर्यंत चालली. सोनपरीच्या भूमिकेत मृणाल कुलकर्णी होत्या. त्याआधी दूरदर्शनच्या 'स्वामी' मालिकेतल्या रमाबाई म्हणून त्या मराठी घरांत पोहोचल्या होत्या, त्यामुळे आईवडिलांनाही ही परी ओळखीची वाटली. तन्वी हेगडे फ्रुटी झाली होती आणि अशोक लोखंडे सोनपरीचा साथीदार अल्तू. सोनेरी चेंडू घासला की सोनपरी हजर होते आणि फ्रुटीच्या अडचणी सोडवते, एवढे तेव्हाच्या प्रत्येक मुलाला तोंडपाठ होते. मोठेपणी पुन्हा पाहताना मात्र वेगळीच गोष्ट डोळ्यांत भरते. ही आई गमावलेल्या मुलीची कहाणी आहे. चमचमते कपडे, छडी, उडणे हे सगळे त्या रिकाम्या जागेभोवती उभे केलेले आहे.

लहान मुलांना मृत्यू कसा समजतो, याचा अभ्यास मारिया नॅगी या संशोधिकेने बुडापेस्टमधल्या तीन ते दहा वर्षांच्या मुलांशी बोलून केला. तो १९४८ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांखालच्या बहुतेक मुलांना मृत्यू म्हणजे झोप किंवा दूरचा प्रवास वाटत होता, म्हणजे जिथून परत येता येते असे काहीतरी. पाच ते नऊ या वयात मृत्यू कायमचा असतो हे समजू लागले होते, पण तो आपल्याला किंवा आपल्या माणसांना टाळता येईल असे वाटत होते. मृत्यू अटळ आहे आणि तो सर्वांना येतो, ही समज साधारण नऊ-दहाव्या वर्षी दिसली. पुढच्या संशोधनात या वयोमर्यादा थोड्या मागेपुढे झाल्या. घरचे वातावरण, मुलाचा अनुभव आणि त्याला मिळालेली उत्तरे यांवरही ही समज अवलंबून असते. तरी पाच वर्षांच्या मुलीने "परत का नाही आणत?" असे विचारणे अगदी तिच्या वयाला साजेसे आहे.

या वयाचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे मनातल्या विचाराने बाहेरची घटना घडते, हा समज. रागावलेले मूल "तू जा इथून" म्हणते आणि दुर्दैवाने त्याच आठवड्यात ती व्यक्ती दगावली, तर ते आपल्यामुळेच झाले असे त्याला खरोखर वाटू शकते. हे ते कुणाला सांगत नाही. मोठ्यांनी विचारले नाही, तर अपराधीपणाचे हे ओझे वर्षानुवर्षे मनात राहते. म्हणून घरात मृत्यू झाल्यावर लहान मुलाला एक वाक्य स्पष्टपणे सांगणे गरजेचे असते: तुझ्या बोलण्यामुळे, वागण्यामुळे किंवा मनात आलेल्या कुठल्याही गोष्टीमुळे हे झालेले नाही.

आपल्याकडे मुलांना वेगळीच वाक्ये सांगितली जातात. "बाबा गावाला गेलेत." "आजी झोपली आहे." "आई तारा झाली." हेतू मायेचाच असतो. पण गावाला गेलेले माणूस परत येते, म्हणून मूल दाराकडे डोळे लावून बसते. झोपलेली आजी उठली नाही, तर झोपेचीच भीती बसते. "देवाला चांगली माणसे आवडतात" हे ऐकून एखादे मूल चांगले वागायलाच घाबरते. "देवाघरी गेली" असे ज्या घरात म्हणतात, त्यांनी ते जरूर म्हणावे. पण सोबत साधे सत्यही सांगावे: आईचे शरीर काम करायचे थांबले, ती आता परत येणार नाही, तिला आता काही दुखत नाही.

उपनगरांतल्या घरांत मुलांपासून काही लपवता येते, हा मोठ्यांचा भ्रम असतो. वन रूम किचनमध्ये किंवा छोट्या वन बीएचकेमध्ये कुजबुजही मुलांच्या कानावर पडते. अर्धवट ऐकलेल्यात मूल आपल्या कल्पनेने भर घालते आणि ती कल्पना बहुतेक वेळा सत्याहून भयंकर असते. मुंबईत अकस्मात मृत्यू विरळा नाहीत. उपनगरी रेल्वेमार्गावर गाडीतून पडून आणि रूळ ओलांडताना होणाऱ्या अपघातांसह विविध कारणांनी अलीकडच्या वर्षांत दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे दगावली आहेत. कोविडने महाराष्ट्रातल्या हजारो मुलांची आई किंवा वडील हिरावून नेले. फ्रुटीसारखी मुले प्रत्येक शाळेत आहेत.

मुलांचे दुःख मोठ्यांसारखे दिसत नाही. मूल पाच मिनिटे रडते आणि सहाव्या मिनिटाला खाली खेळायला जाते. "त्याला काही कळलेच नाही," असे मग नातेवाईक म्हणतात. प्रत्यक्षात मूल झेपेल तेवढेच दुःख एका वेळी सोसते आणि पुन्हा त्याकडे येते. कधी ते शरीराच्या तक्रारींतून बोलते: सकाळी शाळेच्या वेळी पोट दुखणे, डोके दुखणे, बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे, आईचा पदर न सोडणे. तपासण्यांत काही सापडत नाही म्हणून मूल नाटक करते असे नसते. त्याचे पोट खरेच दुखत असते.

मग अशा मुलाला सावरते काय? अमेरिकेत बोस्टन परिसरात विल्यम वर्डेन आणि फिलिस सिल्व्हरमन यांनी आई किंवा वडील गमावलेल्या १२५ मुलांचा दोन वर्षे पाठपुरावा केला. बहुतेक मुले हळूहळू सावरली. मागे उरलेला पालक स्वतः कितपत सावरला, घर किती चालते राहिले, यावर मुलांचे सावरणे मोठ्या प्रमाणात अवलंबून होते. जेवणाची वेळ, शाळा, झोपताना कुणीतरी शेजारी असणे या रोजच्या साध्या गोष्टी मुलाला आधार देतात. बरीच मुले गेलेल्या पालकाशी मनातून नातेही टिकवतात. त्याच्याशी बोलतात, त्याची एखादी वस्तू जवळ बाळगतात. हे आजाराचे लक्षण नाही.

इथे सोनपरीचे मोल कळते. ती फ्रुटीची आई होण्याचा दावा करत नाही, ती 'सोना आंटी'च राहते. ती बोलावले की येते, ऐकून घेते आणि फ्रुटीच्या बाजूने उभी राहते. हे करायला जादू लागत नाही. मावशी, काका, शेजारच्या काकू, वर्गशिक्षिका यांपैकी कुणीही ते करू शकते.

कल्पनेतल्या सोबत्यांची चिंता करण्याचेही सहसा कारण नसते. मार्जोरी टेलर आणि सहकाऱ्यांच्या २००४ सालच्या अभ्यासात सात वर्षांपर्यंतच्या सुमारे ६५ टक्के मुलांना कधी ना कधी असा काल्पनिक सोबती होता. २०१७ सालच्या आणखी एका प्रयोगात चार आणि सहा वर्षांच्या मुलांना कंटाळवाणे काम दिले गेले. आपण बॅटमॅन किंवा रॅपन्झेल आहोत असे मानून काम करणारी मुले इतरांपेक्षा अधिक वेळ चिकाटीने काम करत राहिली. म्हणजे महानायिकेचे सोंग मुलाला बळही देऊ शकते.

पण एक धोका विसरता येणार नाही. १९९७ साली दूरदर्शनवर 'शक्तिमान' सुरू झाल्यावर, तो वाचवायला येईल या समजुतीने मुलांनी स्वतःला इजा करून घेतल्याच्या बातम्या आल्या होत्या आणि त्यावरून मोठा वाद झाला होता. सातव्या-दहाव्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबांनी हे लक्षात ठेवावे. खिडक्यांना ग्रिल हवे, गॅलरीत चढायला स्टूल नको. लहान मुलांना एकटे सोडून अशा मालिका लावू नयेत. सोबत बसून उडण्याचे दृश्य कॅमेऱ्याची करामत आहे, हे प्रत्येक वेळी सांगावे.

पालक गेल्यानंतर सहा महिने उलटूनही मूल खेळत नसेल, शाळा टाळत असेल, झोप आणि भूक बिघडलेली असेल, तर तज्ज्ञांना दाखवावे. "मला आईकडे जायचे आहे" असे मूल पुन्हा पुन्हा म्हणू लागले किंवा स्वतःला इजा करू लागले, तर एक दिवसही थांबू नये. मुंबईत केईएम, नायर, शीव आणि कूपर या महापालिका रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत सल्ला मिळतो, संकटात असलेल्या मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

आता त्या रविवारच्या प्रश्नाकडे. आईने मालिका क्षणभर थांबवावी आणि सांगावे, "गेलेलं माणूस परत आणता येत नाही. गोष्टीतल्या परीलाही नाही. फ्रुटीला आई आठवते, तेव्हा ती सोना आंटीशी बोलते. तुला कधी कुणाची आठवण आली, तर तू माझ्याशी बोल." मुलगी यावर काही न बोलता पुन्हा पाहू लागेल आणि पुढच्या रविवारी हाच प्रश्न पुन्हा विचारेल. तेव्हाही न कंटाळता हेच उत्तर द्यावे.