‘फ्लाइट 666’मधली मुंबई

जुन्नर-आंबेगावातल्या रॉकवेड्यांनो, आयर्न मेडनचा ‘फ्लाइट 666’ (2009) हा लाइव्ह अल्बम ऐकला नसेल तर आजच लावा. सुरुवातीचं चर्चिलचं भाषण संपतं आणि ‘एसेस हाय’ सुरू होतं. ते गाणं आपल्या मुंबईत रेकॉर्ड झालंय! 1 फेब्रुवारी 2008, वांद्रे-कुर्ला संकुलातलं उघडं मैदान. ‘समव्हेअर बॅक इन टाइम’ या जगदौऱ्याचा पहिलाच कार्यक्रम तिथे झाला.

स्टीव्ह हॅरिसनं 1975 मध्ये लंडनला सुरू केलेला हा बँड तेव्हा तिशी ओलांडून गेला होता. पण काय ती धाव! डेव्ह मरे, एड्रियन स्मिथ आणि जॅनिक गर्स, तीन-तीन गिटार एकत्र सुटतात. हेडफोन लावून ऐका, म्हणजे तिन्ही वेगळ्या कळतील.

नारायणगावचे तमाशाचे फड जसे कलाकार, तंबू, सामान सगळं सोबत घेऊन जत्रांना निघतात, तसाच हा दौरा. फक्त ट्रकऐवजी बोइंग 757, आणि ते चालवायला खुद्द गायक ब्रूस डिकिन्सन! ‘एसेस हाय’ हे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ वैमानिकांचं गाणं. ते खरा वैमानिकच गातोय, ही गोष्ट मला फार भारी वाटते.

अल्बममध्ये प्रत्येक गाणं वेगळ्या शहरातलं आहे. याच दौऱ्यावर सॅम डन आणि स्कॉट मॅकफेडियन यांनी केलेला माहितीपटही जरूर बघा. त्यातही मुंबई आहे.