रिकाम्या होत गेलेल्या पायऱ्या : इंग्लंडांतील 'स्पीडवे'ची भरती-ओहोटी

एखाद्या खेळाची लोकप्रियता ओसरूं लागली म्हणजे तिचीं कारणें सांगण्याचे दोन सोपे मार्ग लोकांस सुचतात. कालचक्रावर सारा भार टाकून मोकळें व्हावें, हा पहिला; आणि नव्या पिढीस नांवें ठेवावीं, हा दुसरा. दोन्ही मार्गांनीं विचाराचे श्रम वांचतात, म्हणूनच आम्हांस त्यांचा भरंवसा वाटत नाहीं. इंग्लंडांतील 'स्पीडवे' नांवाच्या फटफट्यांच्या शर्यतींचा इतिहास या बाबतींत फार बोधप्रद आहे. हा खेळ तेथें एकदां नव्हे तर दोनदां वैभवास चढला, आणि दोन्ही वेळां उतरणीस लागला. आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांनीं तो प्रत्यक्ष पाहिला असेल. म्हणून प्रथम त्याचें स्वरूप थोडक्यांत सांगतों.

सुमारें तीनशें मीटर लांबीचा एक लंबवर्तुळाकार मार्ग असतो. त्यावर ठिसूळ दगडाचा भुसभुशीत चुरा पसरलेला असतो. चार स्वार एका रेषेंत उभे राहतात, समोरची फीत वर उडते, आणि चार फेऱ्यांची शर्यत सुरू होते. फटफटीला ५०० घनसेंटिमीटरांचें एकच सिलिंडर असलेलें इंजिन, वेग पालटण्यासाठीं गिअर एकच, आणि ब्रेक तर मुळींच नाहीं! सर्व वळणें डावीकडचीं असल्यामुळें स्वाराच्या डाव्या पायाला पोलादी तळ बांधलेला असतो. तो पाय जमिनीस टेकून, मागचें चाक मुद्दाम घसरूं देऊन, आणि पुढचें चाक वळणाच्या उलट दिशेस धरून तो भर वेगानें वळण घेतो. सारा प्रकार एका मिनिटाच्या आसपास आटोपतो. पहिल्यास ३ गुण, दुसऱ्यास २, तिसऱ्यास १, आणि चौथ्यास भोपळा. सात-सात स्वारांच्या दोन संघांत पंधरा शर्यती व्हावयाच्या, हा ब्रिटिश सामन्याचा अलीकडचा सामान्य प्रघात. म्हणजे एकंदर गुण ९०, आणि ४६ विरुद्ध ४४ हा सर्वांत निसटता विजय.

प्रेक्षकाच्या हातीं कार्यक्रमपत्रिका असते, आणि प्रत्येक शर्यतीनंतर तो पेन्सिलीनें गुण मांडीत जातो. शाळामास्तराच्या दृष्टीनें तर हा खेळ म्हणजे अंकगणिताचा एक आनंददायक तासच होय! स्वारांच्या शिरस्त्राणांचे रंग तांबडा, निळा, पांढरा व पिवळा असे ठरलेले असल्यामुळें लहान मुलासही कोण पुढें गेला तें कळतें. इंजिनांत एरंडेल घातलेलें वंगण वापरीत असत. त्याचा जळका उग्र वास ज्यानें बालपणीं एकदां घेतला तो जन्मभर विसरत नाहीं, असें या खेळाचे जुने भक्त सांगतात. ज्या एरंडेलाच्या नांवानें आपल्याकडील मुलें तोंड फिरवितात, त्याचा असा स्नेहपूर्ण उल्लेख वाचून आम्हांस मौज वाटली.

या खेळाचें मूळ ऑस्ट्रेलियांत आहे. न्यू साउथ वेल्स प्रांतांतील वेस्ट मेटलंड या गांवीं १९२३ सालच्या डिसेंबरांत जॉनी हॉस्किन्स यांनीं अशा शर्यती भरविल्या, तेथून त्याची परंपरा सांगतात. इंग्लंडांत १९ फेब्रुवारी १९२८ रोजीं लंडनजवळच्या एपिंग अरण्यांत, हाय बीच येथें, जी सभा झाली तिला चालकांच्या अपेक्षेच्या कित्येक पट लोक लोटले. त्याच वर्षीं गांवोगांवीं असे मार्ग तयार झाले आणि पुढच्या वर्षीं संघांच्या साखळी-स्पर्धा सुरू झाल्या. आरंभीं स्त्रियाही या शर्यतींत उतरत. आयर्लंडची फे टेलर ही पुरुषांस हरवी. १९३० सालीं स्त्रियांना मनाई करण्यांत आली. १९३६ मध्यें वेम्ब्ली येथें पहिली जागतिक अंतिम स्पर्धा झाली व ऑस्ट्रेलियाचा लायोनेल व्हॅन प्राग जगज्जेता ठरला.

खरी भरती आली ती दुसरें महायुद्ध संपल्यावर. सहा वर्षें अंधारांत आणि शिधापत्रिकेवर काढलेल्या लोकांस झगझगीत दिव्यांखालची ही धांव म्हणजे पर्वणीच वाटली. एकट्या लंडन शहरांत वेम्ब्ली, विम्बल्डन, वेस्ट हॅम, हॅरिंगे आणि न्यू क्रॉस असे पांच संघ नांदत होते. वेम्ब्लीच्या कित्येक साध्या साप्ताहिक सामन्यांस पन्नास हजारांहून अधिक प्रेक्षक जमत. १९४९ सालीं टॉमी प्राइस हा पहिला इंग्रज जगज्जेता झाला, तेव्हां तेथें नव्वद हजारांवर लोक होते. या गर्दीचा विशेष असा कीं ती कुटुंबांची गर्दी होती. दोन संघांचे पक्षपाती एकाच पायरीवर खांद्यास खांदा लावून बसत. त्यांच्यामध्यें पोलिसांची रांग उभी करण्याची गरज पडत नसे. आजीनें नातवास बरोबर न्यावें, आणि नातवानें पुढें आपल्या मुलांस न्यावें, असा हा वारसा होता.

पहिली ओहोटी १९५० नंतर लागली. करमणूक-कराचा बोजा या खेळावर जड होता, आणि १९५७ मध्यें तो खेळांवरून उठेपर्यंत पुष्कळ मार्ग बंद पडून गेले होते. घरोघर दूरचित्रवाणी आली. त्याच १९५७ सालच्या आरंभीं वेम्ब्लीचे आधारस्तंभ सर आर्थर एल्विन निवर्तले, आणि वेम्ब्लीचा संघ स्पर्धेंतून बाहेर पडला. तरीही खेळ मेला नाहीं. १९६० मध्यें लहान गांवांची एक निराळी साखळी निघाली, आणि १९६५ मध्यें दोन्ही गट एकत्र येऊन अठरा संघांची 'ब्रिटिश लीग' स्थापन झाली. न्यूझीलंडचा आयव्हन मॉगर सहा वेळां जगज्जेता झाला तो याच मार्गांवर झिजून. १९७६ मध्यें मँचेस्टरच्या पीटर कॉलिन्सनें तोच मान मिळविला. शनिवारीं दुपारीं दूरचित्रवाणीवर या शर्यती दाखवीत. १९८१ मध्यें वेम्ब्लीवर शेवटची जागतिक अंतिम स्पर्धा झाली आणि अमेरिकेचा ब्रूस पेनहॉल जिंकला, तेव्हांही प्रेक्षकांची संख्या नव्वद हजारांच्या वर होती. ती दुसऱ्या भरतीची शेवटची मोठी लाट म्हणावी लागेल.

त्यानंतरची ओहोटी हळूहळू आली, आणि म्हणूनच ती अधिक दुःखद वाटते. तिचीं कारणें पाहतांना आम्हांस आमच्या शास्त्रांतील अन्वय-व्यतिरेकाची पद्धति उपयोगी वाटते. कारण असेल तेथें कार्य दिसावें, नसेल तेथें दिसूं नये. चार फेऱ्यांच्या या धांवेंतच जर कंटाळा भरलेला असता, तर ती सर्वत्र ओस पडावयास हवी होती. पण पोलंडांत पहा! तेथें याच शर्यतींस आजही हजारोंची दाटी होते. वॉर्सॉच्या राष्ट्रीय क्रीडांगणावर या शतकांतही पन्नास हजारांच्या घरांत लोक जमले आहेत, आणि त्या देशाचा बार्तोश झ्मार्झलिक २०१९ ते २०२५ या सात वर्षांत सहा वेळां जगज्जेता झाला. खेळ तोच, यंत्र तेंच, वळणेंही डावीकडचींच. तेव्हां दोष खेळाच्या स्वरूपाचा नव्हे, हें उघड होतें. मग भेद कोठें आहे?

पहिला भेद जमिनीचा. पोलंडांत क्रीडांगण बहुधा नगरपालिकेच्या मालकीचें असतें, आणि संघ हा गांवाचा अभिमानविषय असतो. इंग्लंडांतील बहुतेक संघ मात्र भाडेकरू राहिले. आणि मालक बहुशः ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती चालविणारा. कुत्र्यांच्या शर्यतींचें उत्पन्न घटलें आणि शहरांत जमिनीचा भाव चढला, तेव्हां मालकांनीं जागा विकल्या. न्यू क्रॉस १९६३ मध्यें बंद पडलें. १९७२ मध्यें वेस्ट हॅमचें क्रीडांगण पाडून तेथें घरें बांधलीं. हॅरिंगेच्या जागीं बाजार झाला. विम्बल्डनच्या जागेवर फुटबॉलचें क्रीडांगण उभें आहे. जेथें पांच संघ गर्जत होते त्या लंडन शहरांत २००५ नंतर एकही संघ उरला नाहीं. मँचेस्टरचा जुना हाइड रोड मार्ग १९८७ मध्यें गेला. कॉव्हेंट्रीच्या ब्रँडन येथें २०१६ नंतर शर्यत झाली नाहीं. स्विंडन संघानें २०१९ सालीं विजेतेपद मिळविलें, आणि तोच त्याचा शेवटचा हंगाम ठरला! पीटरबरो संघ २०२१ मध्यें विजयी झाला व २०२३ अखेर त्याची जागा गेली. आणि त्याच वर्षीं वुल्व्हरहॅम्प्टनचा १९२८ पासून परिचित असलेला मार्गही शांत झाला. हे संघ हरून मेले नाहींत, घर गेल्यामुळें मेले. ज्याचें छप्पर परक्याच्या मर्जीवर आहे, त्यानें दारावर कितीही तोरणें बांधलीं तरी तीं उतरावयास वेळ लागत नाहीं.

दुसरें कारण अंतर्गत आहे, आणि जुन्या प्रेक्षकांच्या तक्रारीचा मुख्य रोख त्यावर असतो. संघ म्हणजे काय, हीच कल्पना हळूहळू पातळ झाली. एखादा स्वार जखमी वा गैरहजर असला तर त्याच दर्जाचा दुसऱ्या संघाचा स्वार एका रात्रीपुरता उसना आणतां येतो. एकच स्वार वरच्या साखळींत एका गांवासाठीं आणि खालच्या साखळींत दुसऱ्या गांवासाठीं धांवतो. काल ज्याच्या पराभवासाठीं आपण ओरडलों, त्याचाच आज जयजयकार करावयाचा! मुलानें बापास विचारलें, "बाबा, हा आपला कीं त्यांचा?", तर बापानें काय उत्तर द्यावें?

याहून विचित्र प्रकार गुणमर्यादेचा. प्रत्येक स्वाराची सरासरी काढतात, आणि हंगामाच्या आरंभीं संघांतील स्वारांच्या सरासरींची बेरीज ठराविक आंकड्याच्या वर जातां कामा नये असा नियम करतात. सर्व संघ तुल्यबळ राहावेत, हा हेतु चांगला आहे. परंतु परिणाम असा होतो कीं ज्या संघानें वर्षभर मेहनत करून यश मिळविलें, त्याच्या स्वारांची सरासरी वाढते, मर्यादा ओलांडली जाते, आणि पुढच्या वर्षीं तो संघ मोडावा लागतो. प्रगतीबद्दल शिक्षा, असा हा न्याय! त्यांतच या शतकाच्या आरंभीं मागें पडलेल्या संघास एखाद्या शर्यतींत दुप्पट गुण देण्याचीही प्रथा कांहीं वर्षें होती. आम्हीं अनेक वर्षें उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. गुणदानाची पद्धत कडक असली तर विद्यार्थी ती सोसतात. ती दरवर्षीं बदलूं लागली, कीं त्यांचा गुणांवरचाच विश्वास उडतो. पेन्सिल घेऊन बसलेल्या त्या प्रेक्षकाचेंही तसेंच झालें असावें.

तिसरें कारण पैशाचें. पूर्वी जगांतील उत्तम स्वार इंग्लंडांत राहून धांवत, कारण उत्पन्न तेथें होतें. आतां तें पोलंडांत आहे, त्यामागोमाग स्वीडनांत आहे. अव्वल स्वार तिकडे ओढला गेला, आणि इंग्लंडांतील तिकीट घेणाऱ्यास पूर्वीच्या तोलाचे वीर पूर्वीइतके दिसेनासे झाले. इंजिनें महाग व नाजूक झालीं, त्यांची निगा राखणारे कारागीर निराळे झाले, आणि धनहीन होतकरू तरुणास पहिली पायरी चढणेंच कठीण होऊन बसलें. शिवाय पुष्कळ शर्यतींत पहिल्या वळणावर पुढें गेलेला शेवटपर्यंत पुढेंच राहतो. मिनिटभराच्या खेळांत निकाल पहिल्या चार सेकंदांत लागला, तर उरलेला वेळ मिरवणूक पाहण्यांत जातो.

चालकांची बाजूही सांगणें न्याय्य आहे. गर्दी घटल्यावर खर्च भागविण्यासाठीं त्यांनीं उसने स्वार आणले, दुहेरी नेमणुका केल्या. हौस म्हणून केल्या नाहींत. पावसानें सामना रद्द झाला तर त्या आठवड्याची कमाई बुडते. २०२० चा सारा हंगाम साथीच्या रोगानें बुडाला. पण प्रत्येक तात्पुरत्या उपायानें थोडा प्रेक्षक दूर गेला, आणि तो गेल्यामुळें आणखी उपाय करावा लागला. हें चक्र त्या वर्तुळाकार मार्गासारखेंच झालें; फरक इतकाच कीं येथें चार फेऱ्यांनंतर निशाण पडत नाहीं.

विशेष नवल याचें कीं हें सर्व होत असतां कर्तृत्व आटलेलें नव्हतें. टाय वॉफिंडेन हा ब्रिटिश स्वार २०१३, २०१५ आणि २०१८ असा तीन वेळां जगज्जेता झाला. २०२१ मध्यें मँचेस्टर येथें ब्रिटनच्या संघानें राष्ट्रांची जागतिक स्पर्धा जिंकली. १९८९ नंतर असें सांघिक यश त्या देशास मिळालें नव्हतें. २०२४ मध्यें त्याच ठिकाणीं तें पुन्हां मिळालें. तरीही साप्ताहिक सामन्यांच्या पायऱ्या भरल्या नाहींत. यावरून एक गोष्ट दिसते. वर्षांतून एकदां मिळणारा राष्ट्रीय विजय वर्तमानपत्रांत शोभतो. खेळ जगतो तो आठवड्याच्या ठरलेल्या वारीं, ठरलेल्या पायरीवर येऊन बसणाऱ्या माणसांवर. तो वार चुकूं लागला कीं संवय तुटते, आणि तुटलेली संवय जाहिरातीनें जुळत नाहीं.

आशेला जागा मुळींच नाहीं असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. मँचेस्टर नगरपालिकेनें पुढाकार घेऊन खास या खेळासाठीं नवें क्रीडांगण बांधलें. तें २०१६ मध्यें सुरू झालें. आरंभीं मार्गाच्या बांधणींत दोष निघून उद्घाटनाचा सामनाच रद्द करावा लागला, आणि पुढें चालकही बदलले. पण क्रीडांगण नगरीचें असल्यामुळें खेळ टिकला, आणि २०२२ मध्यें तेथील बेल व्ह्यू संघानें कित्येक वर्षांनीं साखळी जिंकली. ऑक्सफर्डला २००७ मध्यें थांबलेली शर्यत २०२२ मध्यें पुन्हां सुरू झाली, ती तेथील लोकांनीं नेट धरल्यामुळें. स्वतःची जागा, न बदलणारे नियम, आणि 'हे स्वार आमचे' असें म्हणतां येईल असा संघ, या तीन गोष्टी जेथें जुळतील तेथें प्रेक्षक परत येण्याचा संभव आहे.

आज त्या पायऱ्यांवर जे बसतात त्यांत पिकल्या केसांचे लोक पुष्कळ असतात. त्यांनीं प्रत्येक मोसमांत आपला मार्ग उद्यां राहील कीं नाहीं या काळजींत तिकिटें घेतलीं आहेत, आणि एक क्रीडांगण बंद झाल्यावर पन्नास मैलांवरच्या दुसऱ्या गांवीं जाऊन तेथल्या संघास टाळ्या दिल्या आहेत. त्यांच्या निष्ठेंत उणें काढावें असें कांहीं आम्हांस आढळत नाहीं. प्रश्न त्यांच्या नातवंडांचा आहे. त्यांस आजोबांच्या शेजारीं बसावयास पायरी उरेल, अशी तजवीज करणें हें आतां चालकांचें आणि नगरपित्यांचें काम आहे. आणि त्यास अवधि फार थोडा राहिला आहे.