उन्हाळ्यातील नागपूर आणि परत घेतलेली पुडी

भूमिदेशाचे जांगल, आनूप आणि साधारण असे तीन भेद आम्ही पदवीच्या अभ्यासक्रमात पाच गुणांच्या टिपेसाठी पाठ केले होते, आणि त्या टिपेचे गुणही आम्हास मिळाले होते. आमचा जन्म व शिक्षण दोन्ही कोकणातले. आनूप देश म्हणजे खिडकीबाहेर दिसतो तो, आणि जांगल देश म्हणजे दूर कोठेतरी राजस्थानात असतो तो, एवढ्यावर आमचे ज्ञान भागत असे. सन २००४ च्या एप्रिलमध्ये आंतरवासितेच्या निमित्ताने नागपुरास जाण्याचा योग आला. मोठ्या रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभाग पाहावा, पंचकर्म जवळून शिकावे, या हौसेने आम्ही विद्यापीठाची परवानगी काढली. उन्हाळ्याचा विचार केला नव्हता. उन्हाळा काय, कोकणातही असतो, अशी आमची समजूत होती.

एस.टी.ने घाट चढून कोल्हापूर गाठले आणि तेथून महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडली. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी अकोल्यापुढे गेली तेव्हा डब्यातील सर्व खिडक्यांची झडपे खाली होती, फक्त आमचीच उघडी. वारा आला की बरे वाटते हा आमचा जन्माचा अनुभव. समोरचे गृहस्थ काही वेळ पाहत राहिले आणि अखेर म्हणाले, “खिडकी लावा जी, हा वारा नाही, लू आहे.” आम्ही खिडकी लावली, पण त्यांचे म्हणणे पटले नव्हते.

महाल भागातील एका जुन्या वाड्यात माडीवरची खोली मिळाली. वर पत्रा होता. घरमालकीण आजींनी गवताच्या ताट्यांचा एक जुना कूलर भाड्याने आणवून दिला. आम्ही गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून दारे-खिडक्या घट्ट लावून झोपलो आणि मध्यरात्री अंथरूण दमट झाल्याने जागे झालो. सकाळी आजी हसल्या. “कूलर लावलास आणि खिडकी बंद? मग काय रात्रभर भिजत पडणार आहेस?” ओल्या ताट्यांतून आलेल्या हवेला बाहेर जायला वाट लागते, हे त्या वाड्यातील लहान मुलालाही ठाऊक होते. कोकणात हवाच ओली असल्याने ही यंत्रे तेथे कुचकामी ठरतात. त्यामुळे आम्ही कूलर पूर्वी पाहिलाच नव्हता.

पहिल्या पंधरा दिवसांत अशा कितीतरी गोष्टी घडल्या. धुतलेला सदरा अर्ध्या तासात कडकडीत वाळे याचे कौतुक वाटले. पण आपला घामही तसाच वाळतो, हे ध्यानात आले नाही. कोकणात घामाने अंग चिंब झाले की आपण आपोआप पाणी मागतो. येथे अंग कोरडे, म्हणून तहानेकडे लक्ष नाही. मूत्राचा वर्ण गडद झाला, ओठ फुटले, आणि एके दुपारी रुग्णालयातून परतताना घोळणा फुटून सदऱ्यावर रक्त सांडले. आजींनी तुळशीच्या कुंडीतल्या दूर्वा वाटून रस काढला, दोन थेंब नाकात सोडले आणि डोक्यावर ओला पंचा ठेवला. रक्तपित्तात दूर्वास्वरसाचे नस्य आम्ही परीक्षेत लिहिले होते. आजींनी ते कोठे लिहिले नव्हते. त्या दिवसापासून आम्ही गळ्यात दुपट्टा घालू लागलो आणि सकाळी तर्री-पोहे सोडून सातूचे पीठ साखर घालून पिऊ लागलो. ग्रीष्मात कटु, अम्ल, लवण टाळून मधुर, शीत व द्रव आहार घ्यावा हे ऋतुचर्येतील वचन ठाऊक असूनही तर्रीचा मोह सुटण्यास नाक फुटावे लागले, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

त्या काळातील आमची आवडती जागा म्हणजे इतवारीतील किराणा ओळ. नागपुरात गल्लीला ओळ म्हणतात. विभागातील सरांनी षडंगपानीयाची द्रव्ये आणण्यास पाठविले होते. मुस्ता, पर्पट, उशीर, चंदन, उदीच्य, नागर. यादी दिली, दुकानदाराने सहा पुड्या बांधून दिल्या, आम्ही हिशेब करून परतलो. सरांनी पुड्या उघडून दोन आमच्यासमोर ठेवल्या. दोन्हींत वाळाच होता. उशीर म्हणजे वाळा हे ठीक. पण उदीच्य म्हणजे सुगंधबाला, ते वेगळे द्रव्य, आणि बाजारात या दोहोंची नावे व मुळ्या किती सहज एकमेकांच्या जागी जातात हे आम्हास त्या दिवशी कळले. औषधालय चालविणाऱ्या आमच्या वाचकबंधूंना हे सांगावयास नको. मात्र नवपदवीधर वैद्यांनी वर्षातून एकदा तरी स्वतः पिशवी घेऊन बाजारात जावे, असे आमचे मत आहे. यादी पाठवून द्रव्यज्ञान होत नाही.

मे महिन्याच्या अखेरीस नवतपा सुरू झाला. सूर्य रोहिणी नक्षत्रात असतानाच्या या नऊ दिवसांत नागपूरकर दुपारी सहसा घराबाहेर पडत नाहीत. ज्यांचे पोट हातावर असते ते मात्र पडतात. बाह्यरुग्ण विभाग बंद होण्याच्या सुमारास दोघे जण एका सायकल-रिक्षावाल्यास धरून घेऊन आले. वय चाळिशीचे. अंग तव्यासारखे तापलेले, त्वचा कोरडी, डोळे लाल, सर्वांगात वेदना, बोलणे असंबद्ध. तापमापकातील पारा १०५ च्या पुढे. वरिष्ठ वॉर्डात गेले होते. विभागात आम्ही एकटेच.

आमचे विचार त्या क्षणी कसे चालले ते लिहितो, कारण ते चुकीचे असले तरी ग्रंथाला धरून होते. ज्वराची तीन प्रत्यात्म लक्षणे कोणती? स्वेदावरोध, संताप आणि सर्वांगग्रहण. तिन्ही समोर होती. कोकणात पावसाळ्यात असे ज्वर आम्ही शेकड्यांनी पाहिले होते, आणि त्रिभुवनकीर्ती आल्याच्या रसातून दिल्यावर घाम फुटून रुग्ण हलका होताना पाहिला होता. आम्ही चिठ्ठीवर त्रिभुवनकीर्ती लिहिला, खाली लंघन व कोमट पाणी थोडे थोडे असेही लिहिले, आणि चिठ्ठी औषधालयाच्या खिडकीत दिली.

औषधालयातील काकांनी पुडी बांधली. मग खिडकीतून वाकून बाकावरच्या माणसाकडे पाहिले आणि पुडी हातातच ठेवली. “डॉक्टरसाहेब, हे कायले देऊन राहिले? याले ऊन लागलं हाये.” एवढे बोलून ते बाहेर आले. स्वतःचा दुपट्टा माठात बुडवून त्यांनी त्या माणसाच्या मानेवर, काखांत आणि जांघांत पाणी पिळले, बाक ओढून कूलरसमोर नेले आणि सोबत्यांपैकी एकास ऑटो आणण्यास पिटाळले. सोबती तोंडात पाणी ओतू लागला तर त्याचा हात धरला; शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासमार्गात जाते. सर धावत आले, नाडीवर हात ठेवला आणि म्हणाले, “मोठ्या दवाखान्यात न्या. वाटेत चादर ओली ठेवा.” आम्ही ऑटोत त्याला धरून बसलो आणि बादलीतले पाणी चादरीवर शिंपडत राहिलो. तेथे बर्फ व शिरेवाटे द्रव देण्याची सोय होती. तो वाचला. नवव्या दिवशी डोक्याला फडके बांधून स्वतः चालत आला आणि आमच्या नव्हे, काकांच्या पाया पडला. ते योग्यच होते.

हिंगूळ, वत्सनाभ आणि त्रिकटूचा तो उष्णवीर्य कल्प, वर कोमट पाण्याचे घोट आणि लंघन, हे त्या देहास पडले असते तर काय झाले असते याचा विचार आम्ही त्या रात्री पुष्कळ वेळ करीत राहिलो.

सायंकाळी सरांनी बोलावले. रागावले नाहीत. “तुमच्याकडे मे महिन्यात घाम येतो?”

“पुष्कळ येतो, सर.”

“मग याला का नव्हता?”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्यांनी एकच भेद सांगितला. आमामुळे स्रोतसे रुद्ध होऊन घाम अडतो तो स्वेदावरोध. उन्हात राबून देहातील उदक सरल्यामुळे घाम उरतच नाही तो स्वेदक्षय. हाताला दोन्ही त्वचा कोरड्याच लागतात. हेतू विचारल्याशिवाय भेद कळत नाही, आणि हेतू म्हणजे त्या दिवशी रस्त्यावर पडलेले ऊन. नागपुरास ‘जांगल’ म्हणावे की नाही हा वादाचा विषय आहे. पाऊस पुष्कळ, रानही जवळ. पण वैशाख-ज्येष्ठातील त्या दुपारी आम्हास तो वाद सुचला नाही.

काकांनी साठ्याच्या नोंदवहीत ती पुडी परत जमा करून घेतली आणि ‘परत’ हा शब्द आमच्या हातून लिहवून घेतला.

जूनच्या मध्यास पाऊस आला आणि पुढे आम्ही कोकणात परतून चिकित्सालय थाटले. पुष्कळ वर्षे कोरडी त्वचा हीच उष्माघाताची खूण, असे आम्ही नागपूरचे ऐकून मानीत आलो. तेही अपुरे ठरले. दमट हवेत घाम येतो पण वाळत नाही, म्हणून देह निवत नाही. श्रमाने आलेल्या उष्माघातात रुग्ण घामाने निथळत असतानाही भ्रमिष्ट होऊ शकतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावरील समारंभानंतर १४ जणांचे प्राण गेले, ते खाडीकाठच्या दमट हवेत. तेव्हापासून आम्ही त्वचेआधी बोलणे तपासतो. उन्हातून आलेला, अंग तापलेला आणि असंबद्ध बोलणारा रुग्ण, मग त्वचा ओली असो वा कोरडी: आधी त्याला थंड करावयाचे, त्याच वेळी १०८ क्रमांकास दूरध्वनी करावयाचा. पन्हे, धान्यक हिम, सातू हे सारे शुद्धीवर असणाऱ्यांसाठी आणि आजारी पडण्यापूर्वीचे.

फाल्गुन सरला की आमच्या औषधालयात माठाशेजारी एक स्वच्छ चादर घडी करून ठेवलेली असते. धने रात्री भिजत पडतात, एक भाग धने, सहा भाग पाणी. त्रिभुवनकीर्तीची बरणी वरच्या फळीवर जाते आणि ती काढण्यासाठी स्टूल घ्यावे लागते. औषधे देणारी व्यक्ती नवीन असेल तर बरणी इतकी उंच का ठेवली, असे विचारते. मग आम्ही तिला बसवून काकांची गोष्ट सांगतो, आणि आम्ही लिहिलेली चिठ्ठीही खिडकीतून वाकून पाहिल्याशिवाय द्यावयाची नाही, असे बजावतो.