पूर ओसरल्यानंतर भिंतींचे सुकणे

सन २०१९ च्या ऑगस्ट महिन्यात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याची पातळी ५७ फुटांवर गेली. तेथे ४५ फूट ही धोक्याची पातळी मानली जाते. नदीकाठच्या वस्त्यांत हे पाणी आले आणि गेले असे झाले नाही. कित्येक दिवस ते घरांत उभे होते. अशा घरांतून पाणी उतरले, चिखल उपसला गेला, भिंती धुऊन झाल्या, की थोड्याच दिवसांत त्या वरून कोरड्या दिसू लागतात. मग दिवाळीपूर्वी गिलावा आणि रंग उरकून घ्यावा, अशी इच्छा घरधन्यास होणे स्वाभाविक आहे. परंतु पुरातून सुखरूप बाहेर पडलेली भिंत या घाईने बिघडते, असा प्रकार पुष्कळदा घडतो. त्याचे कारण सच्छिद्र पदार्थ ज्या रीतीने सुकतात त्या रीतीतच आहे.

विटेच्या भिंतीत पाणी शिरते ते केशाकर्षणाने, व प्रारंभी बाहेर येते तेही केशाकर्षणानेच. भिंत पूर्ण भिजलेली असताना आतील पाणी सूक्ष्म छिद्रांतून पृष्ठभागाकडे ओढले जाते व तेथे त्याची वाफ होते. या पहिल्या अवस्थेत भिंत किती वेगाने सुकावी हे भिंतीपेक्षा हवा ठरविते. हवा कोरडी व वाहती असेल तर पाणी झपाट्याने जाते. म्हणून पंख्याचा खरा उपयोग याच काळात होतो. कालांतराने आतील पाण्याचे सलग धागे तुटतात, बाष्पीभवनाची पातळी पृष्ठभागापासून आत सरकते, आणि तेथून पुढे पाण्याला वाफेच्या रूपाने विसरणानेच बाहेर यावे लागते. ही दुसरी अवस्था होय. तिचा वेग पहिल्याच्या मानाने फारच थोडा असतो, व तिला लागणारा काळ साधारणतः खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. नऊ इंची भिंतीपेक्षा चौदा इंची भिंतीला दीडपट नव्हे, तर जवळजवळ अडीचपट वेळ लागावा, तो यामुळे.

भिंत कोरडी दिसू लागते ती नेमकी पहिली अवस्था संपून दुसरी सुरू होताना. म्हणजे डोळ्यांना जो शेवट वाटतो, तो वस्तुतः संथ भागाचा आरंभ असतो. थंड व दमट देशांत भिंतीच्या जाडीच्या दर इंचास एक महिना असा एक ढोबळ ठोकताळा वापरतात. आपल्याकडील उष्णतेमुळे तो तंतोतंत लागू पडणार नाही. परंतु काळ आठवड्यांत नव्हे तर महिन्यांत मोजावा, एवढा बोध त्यातून घेण्यास हरकत नाही.

येथे देश आणि कोकण यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. सांगलीस ऑगस्टमध्ये भिजलेल्या भिंतीला पुढे नोव्हेंबर ते फेब्रुवारी असे चार कोरडे महिने मिळतात. तेथे खिडक्या उघड्या टाकणे हाच उत्तम व बिनखर्ची उपाय. चिपळुणात २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी शिरले, त्यानंतर पावसाळ्याचे दोन महिने शिल्लक होते. अशा दिवसांत बाहेरील हवाच जवळजवळ संतृप्त असते. ती कितीही खेळविली तरी भिंतीतील पाणी घेण्यास तिच्यापाशी जागा नसते. मात्र २५ अंश सेल्सिअसची संतृप्त हवा ३० अंशांपर्यंत तापविली तर तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर येते. म्हणून संततधार चालू असता एकेक खोली बंद करून ती तापविणे व दमट हवा अधूनमधून बाहेर सोडणे, किंवा हवेतील बाष्प काढून घेणारे यंत्र लावणे, हे सताड उघड्या खिडक्यांपेक्षा अधिक फलदायी ठरते. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटविणे मात्र प्राणघातक आहे. विजेची साधनेही घरातील तारजोडणी जाणकाराने तपासल्यावाचून सुरू करू नयेत. भिंतीत गाडलेल्या नळ्यांतून व बटणांच्या पेट्यांतून पाणी बराच काळ साचून राहते.

सुकविण्याआधी धुणे आलेच, आणि त्यातही क्रमाला महत्त्व आहे. गाळ ओला असतानाच काढावा. काळ्या मातीचा गाळ वाळला म्हणजे तो खरवडताना गिलावाही निघून येतो. ब्लीचिंग पावडर टाकावयाची ती गाळ काढून स्वच्छ पाण्याने धुतल्यावर. त्यातील क्लोरीन सेंद्रिय द्रव्यांशी संयोग पावून खर्ची पडतो, तेव्हा चिखलावर टाकलेली पावडर जंतूंपर्यंत पोहोचण्यापूर्वीच निकामी होते. शौचालय धुण्याचे आम्ल तिच्यात मिसळल्यास क्लोरीन वायू मोकळा होतो, याची जाणीव फार थोड्या घरांत असते. पुराच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिससारखे रोग त्वचेवरील जखमांवाटे शिरतात; २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीनंतर मुंबईने त्याचा अनुभव घेतला आहे. यास्तव चिखल उपसताना गमबूट व हातमोजे आवश्यक होत.

आता घाईने गिलावा केला तर काय होते ते पाहू. भिजलेल्या भिंतीतील पाण्यात विटांतील, मातीतील व पुरातील क्षार विरघळलेले असतात. पाणी जेथे वाफ होऊन जाते तेथे क्षार मागे राहतो. बाष्पीभवन पृष्ठभागावर होत असेल तर पांढरा लोणा दिसतो; तो दिसावयास वाईट, पण निरुपद्रवी असतो व कोरड्या कुंचल्याने झाडून टाकता येतो. तो पाण्याने धुणे ही चूक होय, कारण विरघळलेला क्षार पुन्हा आत ओढला जातो. भिंतीवर सिमेंटचा घट्ट गिलावा व तैलरंग चढविला, तर वाफेची वाट अडते, क्षार थराच्या मागे साचतो व स्फटिकांच्या दाबाने थर फुटतो. सोडियम सल्फेट यांत विशेष उपद्रवी आहे. ३२·४ अंशांखाली ते पाण्याचे दहा रेणू धारण करून स्फटिकरूप होते व त्याचे घनफळ सुमारे चौपटीवर जाते. रंगाला फोड येतात तेव्हा दोष रंगाऱ्याच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात तो बहुधा दिनदर्शिकेचा असतो.

यावर उपाय असा की, पाण्याच्या खुणेच्या फूट-दोन फूट वरपर्यंतचा पोकळ वाजणारा गिलावा काढावा, विटा उघड्या ठेवाव्यात, व तोवर राहावयाचेच असेल तर नुसत्या चुन्याची सफेदी द्यावी. चुन्याचा थर वाफेला अडवीत नाही. भिंत सुकली की नाही हे ठरविण्याची सोपी कसोटी म्हणजे हातभर पॉलिथिनचा तुकडा चारी कडांनी चिकटवून एक-दोन दिवस ठेवणे. मागे दव जमले तर आत पाणी आहे. विद्युत्-रोधावर चालणारी ओलमापके हाताशी असली तरी त्यांवर विसंबू नये. क्षारांमुळे रोध घटतो व यंत्र नसलेली ओल दाखविते. विश्वसनीय रीत जुनीच आहे: भिंतीच्या निरनिराळ्या खोलीवरून भुगा काढून तो तोलावा, १०५ अंशांवर वाळवून पुन्हा तोलावा.

मातीच्या भिंतींचा प्रश्न वेगळा आहे. कच्च्या मातीचे बळ बव्हंशी कणांमधील पाण्याच्या पातळ पडद्यांच्या ओढीवर अवलंबून असते. छिद्रे पाण्याने पूर्ण भरली की ती ओढच नाहीशी होते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यात आलेल्या पुरात नदीकाठच्या पेठांतील जुने वाडे मोठ्या संख्येने कोसळले, त्यात प्रवाहाच्या धडकेइतकाच या कारणाचाही वाटा मानावा लागेल. अशी भिंत पाणी उतरल्यावरही ढासळू शकते. तिला टेकू दिल्याखेरीज आत जाऊ नये.

लाकूड व कागद यांना याउलट वेळ देता येत नाही. ओल्या कागदावर दोन दिवसांत बुरशी धरते. तेवढ्या अवधीत दस्तऐवज सुटे करून वाळविणे अशक्य असेल तर ते पिशवीत घालून गोठवावेत. गोठलेला कागद महिनोन्‌महिने तसाच राहतो व सवडीने सुकविता येतो. फुगलेली दारे मात्र तासून बसवू नयेत व उन्हात टाकू नयेत. सावलीत दोन्ही बाजूंनी सारखी वाळली तर ती बहुधा आपल्या चौकटीत परत बसतात.

काळ्या जमिनीवरील घरांत आणखी एक गोष्ट घडते. पुराने फुगलेली माती उन्हाळ्याच्या सुमारास आकसते आणि पाया असमान बसून भिंतींना नव्या भेगा पडतात. त्या लगेच बुजवू नयेत. भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना चिकटवून तीवर तारीख लिहावी. पट्टी तडकली तर हालचाल चालू आहे असे समजून भेगेची दुरुस्ती पुढील पावसाळा उलटेपर्यंत थांबवावी.