उधारीवर शिवलेला धंदा

जागतिक बँकेने ‘डुइंग बिझनेस’ ही क्रमवारी 2021 साली बंद केली, तेव्हा मुंबईच्या उपनगरांतल्या एकाही शिलाई कारखानदाराने हळहळ व्यक्त केल्याचे ऐकिवात नाही. 2020च्या अहवालात भारताचा क्रमांक 63वा होता आणि तो काढताना पाहणी झाली ती दिल्ली नि मुंबई या दोनच शहरांची. परवाना किती दिवसांत मिळतो, वीजजोडणीसाठी किती टेबले पालथी घालावी लागतात, कोर्टात दावा किती काळ रेंगाळतो, हे सगळे मोजले गेले. दावा न लावता निमूटपणे बिलाची वाट पाहत बसणारा मात्र कुठल्याच रकान्यात बसला नाही. तयार कपड्यांचा धंदा तर अशाच माणसांवर चालतो.

कापूस-सूत-यंत्रमाग हा प्रवास वाचकांना तोंडपाठ असेल. कापसावर 2021मध्ये 11 टक्के आयातशुल्क आले, ऑगस्ट 2025मध्ये ते तात्पुरते उठले. सूतगिरण्या सुखावल्या आणि विदर्भाने कपाळावर हात मारला. इचलकरंजी, भिवंडी, मालेगावचे रडगाणे दरवर्षी कुठल्या ना कुठल्या अंकात असतेच. ते उगाळायला नको.

गिरणगावावर मराठीत कथा, कादंबऱ्या, नाटके, सिनेमे झाले. 1982चा संप आपल्या साहित्याला पुरून उरला. पण साकीनाक्याच्या, मरोळच्या, चारकोपच्या औद्योगिक वसाहतींमधल्या शिलाईच्या गाळ्यावर कुणी धड चार पाने खर्ची घातली नाहीत. गिरणीला भोंगा होता, युनियन होती, मोर्चा होता. गाळ्याला फक्त शटर.

त्या शटरच्या आत एकदा डोकवावे. कटिंग मास्तर लांबलचक टेबलावर कापडाचे थर अंथरतो, वर मार्करचा कागद टाकतो आणि उभ्या सुरीचे यंत्र वळणावळणाने फिरवतो. तुकड्यांना नंबर लागतात, बंडले बांधली जातात. एक कारागीर दिवसभर कॉलरच करतो, दुसरा कफ, तिसरा बाह्या जोडतो. मग ओव्हरलॉक, काज-बटण, धागाकटिंग, प्रेस, पॅकिंग. धागे कापायचे गठ्ठे पुष्कळदा आसपासच्या चाळींत जातात; घरकाम उरकून बायका ओट्यावर कात्री घेऊन बसतात. त्यांचा हिशेब नगावर, आणि त्यांची नोंद कुठेच नाही.

यातले कापड ब्रँडवाल्याचे, नमुना त्याचा, लेबलही त्याचेच. गाळेवाल्याचे काय, तर भाडे, वीज, दोरा आणि मजुरी. कारागिराला आठवड्याची खर्ची रोख मोजावी लागते. बिल मात्र सुटते दोन-तीन महिन्यांनी, तेही ‘पार्टीकडून पैसा आला की’. थोडक्यात, ज्याच्याकडे भांडवल सगळ्यात कमी, तोच मोठ्यांना बिनव्याजी कर्ज पुरवतो.

काही पंडितांना हे पटत नाही. त्यांच्या मते सगळे पाप लघुउद्योगांच्या आरक्षणाचे: तयार कपडे 2001पर्यंत छोट्यांसाठी राखून ठेवले, म्हणून आपली निर्यात 16 अब्ज डॉलरच्या आसपास घुटमळते आणि बांगलादेश त्याच्या दुपटीपलीकडे जातो. आरक्षण उठून दोन तपे होत आली, मग मोठे होऊन टिकले किती? तारापूरला भव्य कारखाना थाटणारी बॉम्बे रेयॉन 2022मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. जोगेश्वरीतून देशभर कपडे विकणाऱ्या फ्यूचर समूहाची रिटेल कंपनीही त्याच वर्षी त्याच वाटेने गेली.

बांगलादेशाची खरी गोम वेगळीच आहे. 1970च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या ‘देश गारमेंट्स’ या कंपनीने कोरियाच्या देवूशी हातमिळवणी केली, माणसे शिकायला कोरियाला धाडली. पुढे तिथल्या सरकारने निर्यातीसाठीचे कापड शुल्काविना बाँडेड गोदामात येऊ दिले आणि बँकांनी परदेशी ग्राहकाच्या पतपत्राच्या तारणावर त्या कापडासाठी दुसरे पतपत्र उघडून दिले. शिवणाऱ्याच्या खिशातला पैसा अडकेना. युरोपातली शुल्कमाफी हा त्यावरचा बोनस. आपल्याकडे 2004अखेर कपडे-निर्यातीची आंतरराष्ट्रीय कोटापद्धत संपेपर्यंत काही निर्यातदार कोटा विकूनच मजेत होते.

उपनगरांनी तरीही ब्रँड घडवले. गोरेगावच्या केवल किरणची ‘किलर’ जीन्स 1989ची, अंधेरीची ‘मुफ्ती’ 1998ची. गोरेगावच्या नेस्कोत कपडे उत्पादकांच्या संघटनेचा मेळा भरतो, तेव्हा गावोगावचे दुकानदार हंगामाचा माल नोंदवायला येतात. पण तो शिवणारे गाळे झपाट्याने पांगत आहेत. लालबहादूर शास्त्री मार्गावर घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत कारखान्यांच्या जागी मॉल आणि टॉवर उभे राहिले. जमिनीला असा भाव आल्यावर शिवणयंत्राला तिथे कोण थारा देणार? सोलापूरने निदान शाळेच्या गणवेशात नाव काढले. मुंबईने आपले कारागीर भिवंडी-वसईकडे लोटले.

2025मध्ये अमेरिकेने 50 टक्के शुल्क लादले, ब्रिटनशी जुलैमध्ये व्यापारकरार झाला, सप्टेंबरपासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यावर 5 टक्के जीएसटी आला. या बातम्या मोठ्या खऱ्या. पण गाळ्यासाठी त्याहून मोठी गोष्ट एप्रिल 2024पासून लागू आहे. आयकर कायद्यात कलम 43बी(एच) म्हणून आलेल्या या नियमानुसार सूक्ष्म वा लघु उद्योगाचे बिल लेखी करार असल्यास ठरलेल्या मुदतीत (कमाल 45 दिवस) आणि नसल्यास 15 दिवसांत चुकते केले नाही, तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा दाखवता येत नाही. प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच तो धरला जातो. व्यापाऱ्यांनी यावर केवढा गहजब केला! लघुउद्योग म्हणून नोंदणी नसलेल्याकडूनच माल घेऊ, अशीही भाषा झाली. म्हणजे औषध नेमके जिथे लागायला हवे, तिथेच लागले.

हे संरक्षण ‘उद्यम’ ही लघुउद्योगांची सरकारी नोंदणी असेल तरच मिळते. नोंदणीला एक पैसाही लागत नाही. गाळेवाल्यांनी ती आजच करावी, नंबर बिलावर ठळक छापावा आणि चलनाची सही घेतल्याशिवाय माल गाळ्याबाहेर सोडू नये.