आजीचा 'सल्फा नको' कॉम्प्युटरमध्ये आला का?

आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे नाव सांगितलं की कंपाउंडर काका लोखंडी कपाटातून आजीचा पिवळा पडलेला केसपेपर बरोब्बर काढायचे. वरच्या कोपऱ्यात लाल पेनाने लिहिलेलं, 'सल्फा नको'. फार वर्षांपूर्वी त्या गोळीने आजीच्या अंगभर चट्टे उठले होते म्हणे.

यंदा डॉक्टर रिटायर झाले, दवाखाना नव्या मॅडमनी घेतला. कपाट गेलं, लॅपटॉप आला. प्रिस्क्रिप्शन थेट व्हॉट्सॲपवर आणि चक्क वाचता येतं! मी खूश. आजीला लघवीचं इन्फेक्शन झालं म्हणून तिला घेऊन गेले, तर रिसेप्शनवरच्या ताईने विचारलं, "आजी, कसली ॲलर्जी?"

"छे गं, मला कसली?" आजीच्या लेखी ॲलर्जी म्हणजे शिंका. ताईने 'नाही'वर क्लिक केलं.

लघवीच्या इन्फेक्शनवर सल्फाचंही औषध दिलं जातं. मला ती लाल अक्षरं आठवली म्हणून बरं. जुने केसपेपर कुठे? गठ्ठे बांधून माळ्यावर.

ताईला तरी काय बोलणार, समोर रांग असते. आणि पेपर नुसता स्कॅन करून भागत नाही, कारण तो शेवटी फोटोच. ॲलर्जीच्या रकान्यात कुणीतरी 'सल्फा' टाइप केलं, तरच चुकीचं औषध लिहिताना सॉफ्टवेअर टोकू शकतं.

मित्र म्हणाला, "आभा काढ, सगळं येतं त्यात." नाही येत, भावा! आयुष्मान भारत डिजिटल मिशन 27 सप्टेंबर 2021 ला देशभर सुरू झालं, त्यातला हा 14 आकडी नंबर. (5 लाखांपर्यंतच्या उपचारांचं आयुष्मान कार्ड वेगळं. आमच्या ग्रुपचा इथेच घोळ होता.) रिपोर्ट जिथे तयार होतो तिथेच राहतो. ते हॉस्पिटल या यंत्रणेला जोडलेलं असेल आणि त्यांनी तो तुमच्या नंबरशी लिंक केला असेल, तरच ॲपमध्ये दिसतो. माळ्यावरचा गठ्ठा आपोआप खाली येत नाही. दुसऱ्या डॉक्टरांना यातून रेकॉर्ड बघायचं तर तुमची परवानगी लागते. काय दाखवायचं, किती दिवस, हे तुम्ही ठरवायचं, नंतर परवानगी काढूनही घेता येते. आपण मात्र न वाचता 'अलाऊ' दाबत सुटतो.

आजीचं आभा मीच काढलं, ओटीपी माझ्या मोबाइलवर. ती म्हणाली, "म्हणजे माझं सगळं दुखणं-खुपणं तुला दिसणार?" मला उत्तर सुचलं नाही. आता काहीही उघडायच्या आधी तिला विचारते.

रविवारी काकांसोबत माळ्यावर चढले. तिसऱ्या गठ्ठ्यात केसपेपर सापडला. ताईने 'नाही' खोडून 'सल्फा' टाइप केलं, स्क्रीनवर लाल पट्टी आली. आजीने चष्मा नीट करून ती बघितली आणि म्हणाली, "तो कागद पण राहू दे हो तिथेच."